2,480 सह्या

आमच्या विद्यापीठातली मुलं अडीच वर्षं एका सरकारी खात्यासाठी विहिरींच्या पाण्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर बनवतायत, प्रकल्प प्रमुख मी. काल संध्याकाळी साडेपाचला त्या खात्याचं पत्र आलं. शेवटचा हप्ता हवा असेल तर ‘संपूर्ण सोर्स कोड छापील स्वरूपात, दोन प्रतींत, स्पायरल बाइंडिंग करून, प्रत्येक पानावर प्रकल्प प्रमुखांच्या सही-शिक्क्यासह’ सादर करा. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, त्याच्या 62,000 ओळी आहेत. पानाला 50 धरल्या तर 1,240 पानं. दोन प्रती. 2,480 सह्या. रात्रभर हा आकडा डोक्यातून गेला नाही.

लगेच फोन लावला. म्हटलं, अहो, कोड रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन कोठारात, आहे, तुमच्या खात्याला सहा लॉगिन दिलीत, दोनदा ट्रेनिंग दिलंय. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “मॅडम, ऑडिटला कागद लागतो. लॉगिन फाइलीला लावता येत नाही.” फोन ठेवल्यावर मी ती सहा लॉगिन तपासली. अडीच वर्षांत एकही, एकदाही वापरलेलं नाही. एकदाही! आमच्या मुलांनी रोज काय बदललं, का बदललं, कुणी तपासलं, सगळं तिथे तारीखवार लिहिलेलं आहे. यापेक्षा चोख नोंदवही कुठल्या सरकारी कपाटात असेल तर मला दाखवा. ते उघडून बघायचं नाही, आणि पुरावा म्हणून दोन बाडं हवीत, जी उद्या पहिली चूक दुरुस्त केली की खोटी ठरणार. त्या खोट्या झालेल्या पानावर सही मात्र माझी.

पुढचं तर भयंकर आहे. पत्रात ‘संपूर्ण’ या शब्दाखाली रेघ मारली आहे. मी विचारलं, डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइलसुद्धा? ती आम्ही रिपॉझिटरीतही कधी ठेवली नाही, फक्त सर्व्हरवर आहे. “संपूर्ण म्हणजे संपूर्ण, मॅडम.” त्या डेटाबेसमध्ये शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर आहेत, गट नंबर आहेत, कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे ते आहे. त्याची किल्ली छापून, बाइंड करून, ज्या कपाटाला कडी लागत नाही त्यात ठेवायची? ते कपाट मी पाहिलंय. त्याच्यासमोर पावणेदोन तास बसले होते एकदा, साहेब मीटिंगमध्ये होते म्हणून.

आणि साहेब तरी कोणते! अडीच वर्षांत चार झाले. पहिल्यांना मोबाइल ॲप हवं होतं, कारण ग्रामसेवक शेतात उभा राहून नोंद करणार. बरोबर होतं ते. त्यांच्याबरोबर बसून 40 पानांचा आवश्यकतांचा दस्त केला, त्यांनी सही केली आणि पाचव्या महिन्यात त्यांची बदली झाली. दुसऱ्यांना डॅशबोर्ड हवा होता. तिसऱ्यांना सगळं नव्या वेबसाइटवर हवं होतं, तेही सिक्युरिटी ऑडिट पूर्ण होऊन प्रमाणपत्र हातात आल्यावर. नवी पानं घातली की ऑडिट पुन्हा, त्याचे पैसे पुन्हा, आणि ते कुणी द्यायचे यावर फाइल पाच महिने फिरली. महाराष्ट्रात 2005 चा बदल्यांचा आणि विलंबाचा कायदा आहे. त्यात साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ लिहिलाय, आणि कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये असंही लिहिलंय. आमची ती तारीखवार नोंदवही ज्यावर चालते ते गिटही 2005 चंच. वीस वर्षांत दोन्हीपैकी एकही या टेबलापर्यंत पोचलेलं नाही.

केंद्र सरकारचं 2015 चं धोरण आहे की सरकारी ॲप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करा, एकत्र मिळून विकसित करा. त्यासाठी ओपनफोर्ज नावाची सरकारी रिपॉझिटरी उभी केलीय. मी त्या धोरणाची प्रत प्रस्तावाला जोडली होती. परवा फाइल चाळली तर ती प्रतच गायब. आवक क्रमांक तेवढा शिल्लक आहे.

गावांच्या यादीचं तर विचारूच नका. पहिल्या दिवसापासून सांगतेय की गाव नावाने ओळखू नका, एलजीडी, म्हणजे लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचा, कोड द्या, पंचायतराज मंत्रालयाच्या त्या डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. आल्या काय, तर जुन्या फॉन्टातल्या फाइली, ज्या उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. कुठल्याही संगणकावर अक्षरं तशीच दिसावीत म्हणून युनिकोड आहे, आणि देवनागरी त्यात 1991 पासून आहे! त्या फाइली बदलून घेतल्या तर एकाच गावाचं ‘गोऱ्हे बुद्रुक’, ‘गोऱ्हे बु.’, ‘गोर्हे बु॥’. त्यात तो ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना सारखा दिसतो आणि संगणकाला वेगळा. बुद्रुक-खुर्द जुळवण्यात आमच्या एका मुलीचे सात आठवडे गेले. सात आठवडे, जे एका रकान्याने वाचले असते. वर आढावा बैठकीत तिलाच विचारलं, “एवढा वेळ का लागतो?”

विद्यापीठाला मी सोडणार नाही, कारण घरच्यांनी केलेलं जास्त लागतं. क्लाउडचं बिल दर महिन्याला वापराप्रमाणे येतं. वित्त विभागाने त्रुटी काढली: तीन कोटेशन कुठे आहेत, डिलिव्हरी चलन कुठे आहे, आणि सर्व्हरची डेड स्टॉक, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या, रजिस्टरला नोंद का नाही? मी खाली जाऊन समजावलं की सर्व्हर आपल्याकडे येतच नाही, आपण भाड्याने वापरतो. त्यावर “मग वस्तू मिळाल्याचं प्रमाणपत्र द्या.” चौदा दिवस बिल थकलं, सर्व्हर बंद पडला, आणि खात्याचं पत्र आलं ते माझ्या नावाने. मग जीएसटी. 2024 च्या सप्टेंबरमध्ये परिषदेच्या 54 व्या बैठकीत संशोधन अनुदानाला सूट द्यायचं ठरलं. आमचा लेखा विभाग म्हणतो हे अनुदान, खातं म्हणतं हा कामाचा मोबदला, आणि त्या भांडणात 18 टक्क्यांचा प्रश्न माझ्या टेबलावर.

या सगळ्यात भरडली जातात ती मुलं. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. त्याच मुलाची, त्याच कामासाठी, त्याच समितीपुढे. उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आधीचे पैसे कशावर खर्चले त्याचा दाखला, अडकलंय म्हणून चार महिने पगार नाही. आमचा परभणीचा मुलगा, ज्याने अख्खं ऑफलाइन सिंक, म्हणजे नेटशिवाय केलेली नोंद रेंज आल्यावर सर्व्हरवर चढवणं, एकट्याने लिहिलं, रेंज नसलेल्या गावातली नोंद हरवू नये म्हणून स्वतः तीन दिवस गावोगाव फिरला, तो गेल्या महिन्यात हिंजवडीला गेला. जाताना माझ्याशी बोलताना त्याची मान खाली होती. मान त्याची का खाली असावी?

मागच्या बैठकीत चौथे साहेब म्हणाले, “हे विद्यार्थ्यांनीच केलंय ना? मग देखभालीला वेगळे पैसे कशाला?” आणि पुढच्याच वाक्यात सांगितलं की देखभाल एका कंपनीकडे जाणार आहे, तुमच्या मुलांनी पंधरा दिवस जाऊन त्यांना सगळं शिकवायचं. कंपनीला पैसे आहेत. शिकवणाऱ्यांना नाहीत. मी तेव्हा गप्प बसले. का बसले याचा आजही राग येतो, त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

आज गप्प बसणार नाहीये. राहिलेल्या दोन मुलांचा पगार त्या हप्त्यात आहे, म्हणून सह्या मी करणार. फाटकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला सकाळी अकराची वेळ दिली आहे. पासवर्डची फाइल छापणार नाही, आणि का छापणार नाही ते पत्रात लिहून आवकचा शिक्का घेऊन येणार. पंधरा दिवसांच्या शिकवणीचं बिलही त्याच पत्राला जोडलंय, मुलांच्या रोजच्या दराने. त्रुटी काढायची तर काढू देत.