लॉस सेरितोसच्या घरात आधी कोण राहिलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कॅलिफोर्नियात लाँग बीचला असलेल्या ‘रँचो लॉस सेरितोस’ या घराला रँच (गुरं पाळण्याची मोठी वाडी) पद्धतीचं घर म्हणत मी लेख लिहिला, त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. रँच पद्धतीचं घर विसाव्या शतकातलं आणि बैठं असतं, 1844 सालचं दुमजली मातीचं घर त्यात बसत नाही, हा एक. आणि ‘घराचा पहिला रहिवासी जॉन टेंपल’ (ज्याने हे घर बांधवून घेतलं तो मालक) हे मी कशाच्या जोरावर लिहिलं, हा दुसरा.

पहिल्याबद्दल आधी बोलते, कारण तिथे मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. बैठ्या, लांबट रँच घराला 1930नंतर लोकप्रिय केलं ते घरांचे आराखडे करणाऱ्या क्लिफ मे यांनी, हे तुमचं बरोबर. पण ते घर त्यांना सुचलं कुठून? त्यांचा जन्म 1909 साली सॅन डिएगोत झाला, आर्किटेक्टचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. लहानपणी मावशीकडे, लास फ्लोरेस नावाच्या जुन्या मातीच्या रँचवर त्यांचं जाणं-येणं असे. ते 1868चं घर आजही उभं आहे: एक भाग दुमजली, सज्जा असलेला, आणि त्याला लागून बैठी पाख, म्हणजे घराचा बाजूला पसरलेला लांबट भाग. मे यांनी तिथून उचलली ती खोल्यांची मांडणी. एकेरी ओळीतल्या खोल्या, प्रत्येक खोलीचं दार पडवीत, पडवी उतरली की अंगण. लॉस सेरितोसही असंच आहे. मधे दुमजली भाग, दोन्ही बाजूंना लांबच लांब बैठ्या पाखा आणि मधोमध अंगण. त्या अंगणात उभं राहिलं की मजले मोजावेसे वाटत नाहीत, नजर पडवीच्या बाजूनेच फिरत राहते. अभ्यासक या घराला माँटेरे शैलीचं, म्हणजे सज्जा असलेल्या दुमजली मातीच्या घरांच्या पद्धतीचं म्हणतात, हे मात्र मी लिहायला हवं होतं.

दुसरा आक्षेप मी दोन दिवस मनात घोळवला, आणि तुमचंच खरं आहे.

टेंपल मूळचा मॅसॅच्युसेट्सचा. 1827 साली कॅलिफोर्नियात आला, कॅथलिक झाला, मेक्सिकोचा नागरिक झाला, राफाएला कोता हिच्याशी लग्न केलं आणि लॉस एंजेलिसमध्ये दुकान टाकलं. 1843 साली त्याने ही 27,000 एकर जमीन घेतली. ती मान्युएल निएतो या सैनिकाला 1784 साली मिळालेल्या प्रचंड इनामाचा एक तुकडा होती. 1834च्या वाटणीत तो निएतोच्या मुलीकडे, मान्युएला कोताकडे आला होता. टेंपलचा संसार आणि व्यापार मात्र लॉस एंजेलिसलाच राहिला. हे घर त्याने गुरांच्या कारभारासाठी बांधलं आणि उन्हाळ्यात तो इथे येऊन राही. मालक आणि रहिवासी यांत मी गल्लत केली.

मग बाराही महिने इथे कोण होतं? मुकादम, घोड्यावरून गुरं वळणारे वाकेरो, घरकाम करणारी माणसं. बैठ्या पाखांमध्ये कोठारं होती, लोहाराची जागा होती, कामगारांच्या खोल्या होत्या. चिखल आणि गवत कालवून, साच्यात घालून, उन्हात वाळवलेल्या विटांच्या जाड भिंती मूळनिवासी मजुरांनी उभ्या केल्या. हा सगळा टापू टोंगव्हा या मूळनिवासी लोकांचा, स्पॅनिश सैनिक येण्याच्या कितीतरी आधीपासून. पुढे 1850 साली कॅलिफोर्नियाने असा कायदा केला की एखाद्या मूळनिवासी माणसाला ‘भटक्या’ ठरवून पकडता येई आणि त्याची मजुरी लिलावात विकता येई. अशा काळात रँचवर राबणाऱ्यांना एका शब्दात उरकणं ही माझी मोठी चूक. पायाच्या पक्क्या विटा दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून जहाजाने आल्या, यावर मी अख्खा परिच्छेद खर्च केला होता. कच्च्या विटा पाडणाऱ्यांना ‘मजूर’ म्हणून सोडून दिलं.

मालकांपैकी बाराही महिने इथे संसार मांडला तो बिक्सबी कुटुंबाने. 1861-62च्या पुरानंतर 1863-64चा दुष्काळ आला, दक्षिण कॅलिफोर्नियात गुरं हजारोंनी मेली. 1866 साली टेंपलने रँच 20,000 डॉलरला ‘फ्लिंट, बिक्सबी आणि कंपनी’ला विकली आणि त्याच वर्षी तो वारला. जोथम बिक्सबी आणि त्याची बायको मार्गारेट 1881पर्यंत इथे राहिले. गुरांच्या जागी मेंढ्या आल्या. मुलांचा गलबला या अंगणाने त्यांच्याच काळात ऐकला असणार.

तुम्ही न विचारलेली एक चूकही दुरुस्त करते. फोटोखाली मी ‘मूळची लाल कौलं’ लिहिलं होतं. टेंपलच्या वेळी छप्पर आपल्याकडच्या धाब्याच्या घरासारखं सपाट होतं, वर जमिनीतून वर येणारं नैसर्गिक डांबर लिंपलेलं. लाल कौलं 1930च्या दुरुस्तीतली.

लेखातलं वाक्य आजच बदललं आहे. आता ते असं आहे: “1844 साली हे घर जॉन टेंपलने बांधवून घेतलं, मूळनिवासी मजुरांनी बांधलं, आणि टेंपल उन्हाळ्यापुरता येत असे तेव्हा रँचवर काम करणारी माणसं इथे वर्षभर राहत होती.” यातही काही खटकलं तर जरूर लिहा.