वर्ष, किलोमीटर आणि बाकी सगळं शून्य

१३ वर्षांची सेडान विकायला काढलीय आणि गेले दोन आठवडे डोक्याचा नुसता भुगा झालाय. प्रश्न एवढाच आहे: या गाडीला आज किती यायला पाहिजेत? धड उत्तर कुणाकडे नाही.

आधी ऑनलाइन अंदाज काढले, चार ठिकाणी. मॉडेल, वर्ष, किलोमीटर, इंधन, आणि शेवटी 'गाडीची अवस्था' म्हणून तीन पर्याय: उत्तम, चांगली, साधारण. संपलं! चारही ठिकाणी तंतोतंत तीच माहिती भरली आणि सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात छोट्याच्या जवळपास दुप्पट आला. याला अंदाज म्हणायचं? वर एकाही ठिकाणी नीट लिहिलेलं नाही की हा आकडा डीलर गाडी घेईल तो, डीलर विकेल तो, की मी थेट दुसऱ्या माणसाला विकली तर मिळेल तो. तिन्हींत केवढं अंतर असतं!

दोन-तीन वर्षांच्या गाडीला हे गणित चालतं, मान्य. तशाच गाड्या भरपूर विकल्या जात असतात, सरासरी काढता येते. पण १३ वर्षांनी कसली सरासरी? एकाच दिवशी कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्यांचं तोवर काहीच सारखं उरलेलं नसतं. हायवेवर झालेले १ लाख किलोमीटर आणि ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून काढलेले ६० हजार, यात गाडी जास्त कुठे झिजते? जाममध्ये इंजिन तासन्‌तास चालू राहतं, त्यातलं मीटरवर काही चढत नाही. आणि 'कमी चाललेली' म्हणून ज्या गाडीला भाव जास्त मिळतो, ती वर्षानुवर्षं एका जागी उभी असेल तर तिचे रबरी सील कडक झालेले असतात, ब्रेक डिस्क गंजलेल्या असतात, टायर नक्षी शाबूत असूनही म्हातारे झालेले असतात. टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. गाडी बघायला आलेल्या एकानेही वाकून ते वाचले नाहीत.

माझ्या गाडीला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडबंद ठेवणारा पट्टा तो. चालत्या गाडीत बेल्ट तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिन खोलावं लागतं. म्हणून मी मुदत आली तेव्हाच तो बदलून घेतला, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि वॉटर पंपासकट. चांगला मोठा खर्च होता. बिल फाइलला आहे. त्या चारही फॉर्मांत हे लिहायला जागा कुठे आहे? ज्याने बेल्टला कधी हातच लावला नाही त्याच्या गाडीला आणि माझ्या गाडीला भाव एकच!

आणि ज्या किलोमीटरवर सगळे एवढा विश्वास टाकतात, तो आकडा मागे फिरवता येतो हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या प्रत्येक सर्व्हिसिंगच्या बिलावर तारीख आणि त्या दिवशीचं रीडिंग आहे. याहून पक्का पुरावा काय द्यायचा? पण फाइल पुढे केली की 'असू दे, असू दे' म्हणून हात हलवतात.

परवा एक जण पेंटची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आला. मला बरं वाटलं, म्हटलं आला एकदाचा जाणकार. दरवाजे, बॉनेट, छत, डिकी, सगळीकडे लावून बघितलं. रीडिंग कुठेही १३० मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) वर गेलं नाही. म्हणजे रंग कंपनीचाच, कुठे ठोकलेली नाही, पुटी भरलेली नाही. त्याने गप्प यंत्र खिशात टाकलं. ३०० आलं असतं तर तिथल्या तिथे भाव पाडला असता ना? मग १३० आलं तर दोन पैसे वाढवायला काय होतं? उलट बंपरवरचा बोटभर ओरखडा दाखवून 'आता सगळ्यांना एसयूव्ही पाहिजे, सेडानला गिऱ्हाईक नाही' सुरू केलं, आणि फोनवर बोललेल्या आकड्यातून पाचवा हिस्सा कापला. एसयूव्हीचा जमाना फोन करताना नव्हता का?

'जाहिराती बघ, भाव कळेल,' असं सांगणाऱ्यांनी तर डोकंच उठवलंय. जाहिरातीत विकणाऱ्याने मागितलेली किंमत असते. सौदा कितीला ठरला ते कधीच दिसत नाही. आणि ज्यांनी अवाच्या सवा मागितलेत त्यांच्याच जाहिराती महिनोन्‌महिने दिसत राहतात, कारण गाडी जातच नाही. त्यावरून मी काय ठरवू?

हे काही आजचं नाही. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन दाखवलं होतं की घेणाऱ्याला चांगली आणि वाईट गाडी वेगळी ओळखता आली नाही तर तो सरासरी भावच देतो, आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठून जातो. २००१ साली नोबेल मिळालेल्यांत ते होते. पण त्यात घेणाऱ्याला कळतच नव्हतं. इथे मी बिलं, तारखा, रीडिंग सगळं हातात देतोय आणि समोरचा बघायला तयार नाही! याचा मला जास्त संताप येतो.

उद्या अजून एक जण येतोय. त्याला फोनवरच सांगितलंय, आधी फाइल वाचायची, मग बॉनेट उघडायचं, मग आकडा बोलायचा. फाइल वाचायला वेळ नसेल तर मी चावी बाहेर काढणार नाही.