कोलंबस डेच्या नावाने फिरणाऱ्या गोष्टी

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार जवळ आला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. न्यू जर्सीच्या मराठी ग्रुपवरून तो पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर येतो, कधी उलटाही जातो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. कोलंबस डे हा अमेरिकेचा स्वातंत्र्यापासूनचा राष्ट्रीय सण. पृथ्वी सपाट मानणाऱ्या अडाणी जगात एकट्या कोलंबसाने ती गोल असल्याचं ओळखलं आणि अमेरिका शोधली. पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजची फूटपट्टी लावणं हा अन्याय. तिथले मूळ रहिवासी रोगांनी मेले, त्याला तो काय करणार? आणि आता मूठभर डाव्या प्राध्यापकांनी हा सण बंदच पाडला. शेवटी ‘आपला इतिहास पुसणाऱ्यांपासून सावध राहा’ अशी पुस्ती. यातला ‘आपला’ म्हणजे नेमका कोणाचा, हे मला अजून उमगलेलं नाही.

आधी सणाच्या वयाचं पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे.

१७९२ साली, कोलंबस अमेरिकेला पोचल्याला ३०० वर्षं झाली म्हणून, न्यूयॉर्कच्या टॅमनी सोसायटीने कोलंबसाच्या नावाने समारंभ केला होता, हे खरं. पण तो एका मंडळाचा कार्यक्रम. देशभर दिवस पाळायला सांगणारं अध्यक्षांचं पत्रक निघालं ते १८९२ साली, बेंजामिन हॅरिसन यांचं, तेही त्या एका वर्षापुरतं. आणि त्याच्या आदल्या वर्षी काय घडलं होतं, हे फिरत्या मजकुरात कधीच नसतं.

१८९० च्या ऑक्टोबरात न्यू ऑर्लिन्सचा पोलीसप्रमुख डेव्हिड हेनेसी याचा खून झाला. संशय शहरातल्या इटालियन लोकांवर गेला आणि सरसकट धरपकड झाली. खटला चालला, पण कोणीही दोषी ठरलं नाही. काहींची निर्दोष सुटका झाली, काहींबाबत ज्यूरीचं एकमत होईना. दुसऱ्या दिवशी, १४ मार्च १८९१ ला, हजारोंचा जमाव तुरुंगात घुसला आणि त्याने ११ इटालियनांना ठार मारलं. त्यात काही असे होते की ज्यांच्यावर खटला उभाही राहिला नव्हता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टने बहिणीला लिहिलेल्या पत्रात ‘झालं ते बरंच झालं’ अशा अर्थाचा शेरा मारला. इटलीने वॉशिंग्टनमधून आपला राजदूत परत बोलावला. अखेर अमेरिकेने २५,००० डॉलरची भरपाई दिली आणि संबंध सुरळीत झाले. ते वर्ष १८९२.

इटालियन स्थलांतरितांना तेव्हा पुरतं गोऱ्यांतही धरत नसत आणि अमेरिकनांतही. ‘या देशाची कहाणी आमच्या इटलीतल्या जेनोव्हाच्या माणसापासून, कोलंबसापासून, सुरू होते’ असं म्हणता येणं ही त्यांच्यासाठी मोठी ढाल होती. कोलंबसाची राज्यव्यापी सुट्टी कायद्याने पहिल्यांदा जाहीर केली ती कोलोरॅडोने, १९०७ साली, आणि ती अँजेलो नोचे या इटालियन माणसाच्या खटपटीमुळे. ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ या कॅथलिक संघटनेनेही राज्याराज्यांत जोर लावला. १९३४ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, ठरावावरून फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्रीय पातळीवर दिवस जाहीर केला. दुसऱ्या महायुद्धात नागरिकत्व न मिळालेले सुमारे सहा लाख इटालियन ‘शत्रुराष्ट्राचे परके’ म्हणून नोंदले गेले होते. तो शिक्का पुसल्याची घोषणा अॅटर्नी जनरल फ्रान्सिस बिडल यांनी मुद्दाम १२ ऑक्टोबर १९४२ हा दिवस निवडून, कार्नेगी हॉलमध्ये केली. आणि आजची सोमवारची केंद्रीय सुट्टी? कायदा १९६८ चा, अंमल १९७१ पासून. म्हणजे वॉशिंग्टन-जेफरसन यांनी हा सण कधी पाहिलाच नाही. तो एका तुडवल्या गेलेल्या समाजाने झगडून मिळवला. त्याच्या बाजूने बोलायचं असेल तर याहून भक्कम मुद्दा नाही, आणि नेमका तोच गाळून लोक सपाट पृथ्वीची गोष्ट सांगत बसतात.

ती गोष्ट लवकर उरकू. पृथ्वी गोल आहे हे युरोपातल्या शिकलेल्या माणसांना कोलंबसाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं आणि विद्यापीठात शिकवलंही जात होतं. एराटोस्थेनिसने तिचा घेर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बऱ्यापैकी अचूक काढला होता. स्पेनच्या राणी इसाबेलाच्या दरबारातल्या जाणकारांचा आक्षेप अंतराबद्दल होता, आणि तो बरोबर होता. कोलंबसाच्या हिशेबात कॅनरी बेटांपासून जपान सुमारे ४,४०० किलोमीटर, प्रत्यक्षात ते १९,००० किलोमीटरच्याही पुढे. अल-फरगानीच्या अरबी मैलांना तो आखूड रोमन मैल समजला होता. मध्ये अमेरिका आडवी आली नसती तर जहाजांसकट सगळे उपाशी मेले असते. अडाणी युरोपाची कहाणी लोकप्रिय केली वॉशिंग्टन आयर्व्हिंग या लेखकाच्या १८२८ च्या चरित्राने. आणि पृथ्वी पूर्ण गोल नाही असा दावा कोणी केला असेल तर खुद्द कोलंबसाने: १४९८ च्या तिसऱ्या सफरीत त्याने ती नासपतीसारखी, एका बाजूला फुगीर आहे असं राजा-राणीला कळवलं होतं!

‘अमेरिका शोधली’ याबद्दल एवढंच की आजच्या संयुक्त संस्थानांच्या मुख्य भूमीवर त्याने पाऊल ठेवलं नाही. तो पोर्तो रिकोला गेला होता, जे आज अमेरिकेच्या ताब्यात आहे. आणि कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये नॉर्स (उत्तर युरोपातले) दर्यावर्दी १०२१ साली लाकूड तोडत होते, हे आता लाकडाच्या वलयांवरून सिद्ध झालं आहे. अर्थात १४९२ नंतर दोन खंडांचा संबंध तुटला नाही, आणि ते श्रेय कोलंबसाचंच. त्यात वाद नाही.

आता फूटपट्टी. ऐकायला हा मुद्दा सगळ्यात समंजस वाटतो. अडचण अशी की कोलंबसाला पहिली फूटपट्टी त्याच्याच काळातल्या, त्याच्याच बाजूच्या लोकांनी लावली. १५०० साली राजा-राणीचा अधिकारी फ्रान्सिस्को दे बोबादिया हिस्पॅनिओला बेटावरच्या सांतो दोमिंगोला उतरला, त्याने साक्षी घेतल्या आणि कोलंबसाला दोन्ही भावांसह बेड्या घालून स्पेनला धाडलं. त्या चौकशीची कागदपत्रं एकविसाव्या शतकात स्पेनमधल्या सिमांकासच्या दप्तरखान्यात सापडली. तक्रारदार बहुतेक स्पॅनिश वसाहतकारच होते, त्यांना स्वतःचे हिशेब चुकते करायचे होते, आणि बोबादियाही काही संत नव्हता. हे सगळं धरूनही राजा-राणीने काय केलं ते पाहा. कोलंबसाला सोडलं, पुढच्या सफरीला पैसे दिले, पण राज्यपालपद पुन्हा दिलं नाही. त्याच वर्षी, त्याने गुलाम म्हणून पाठवलेल्यांपैकी जे सापडतील त्यांना मुक्त करून परत न्यावं असाही हुकूम निघाला.

गुलामांचं प्रकरण विरोधकांनी रचलेलं नाही. किनाऱ्याला लागल्यावर दोनच दिवसांनी, १४ ऑक्टोबर १४९२ च्या नोंदीत, पन्नास माणसांच्या बळावर या सगळ्यांना ताब्यात ठेवता येईल असं कोलंबस लिहितो. १४९५ मध्ये साडेपाचशे ताइनो, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, स्त्री-पुरुष जहाजांत भरून स्पेनला पाठवले, त्यातले सुमारे दोनशे वाटेत मेले आणि समुद्रात टाकले गेले. ही माहिती देणारा मिकेले दा कूनेओ कोलंबसाचा सोबती होता आणि त्याच जहाजांवर होता. सोन्याच्या भागात चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातल्या घुंगरात मावेल एवढं सोनं द्यायचं, हा कर तर कोलंबसाच्या मुलानेच, फर्नांडोने, बापाच्या कौतुकाने लिहिलेल्या चरित्रात नोंदवला आहे. आणि १५११ साली अंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये ‘ही माणसं नाहीत काय?’ असं भर प्रवचनात विचारलं, तेव्हा समोर राज्यपाल म्हणून बसला होता दिएगो, कोलंबसाचा थोरला मुलगा. शब्द मागे घ्या असा दबाव आला. पुढच्या रविवारी मोंतेसिनोस पुन्हा तेच बोलला.

रोगांचा मुद्दा अर्धा खरा आहे. एकूण अमेरिका खंडात सर्वाधिक बळी रोगांनीच घेतले. पण कोलंबसाच्या बेटाचा, हिस्पॅनिओलाचा (आजचे हैती आणि डोमिनिकन रिपब्लिक), हिशेब वेगळा पडतो. १४९२ मध्ये तिथे किती लोक होते यावर इतिहासकार भांडतात, बहुतेकांचे आकडे लाखाच्या वरचे. १५१४ च्या मोजणीत उरले सुमारे २६,०००. देवीच्या रोगाची साथ त्या बेटावर आली ती १५१८ च्या अखेरीस. काही तापाच्या साथी आधीही आल्या असणार, पण खाणीतली मजुरी, उपासमार आणि मोडलेली शेती हेच त्या साथींना हातभार लावत होते. दुसऱ्या बाजूच्या पोस्टही काही कमी नाहीत. ‘कोलंबसाने तीस लाख मारले’ असं बेधडक लिहितात. १५०० नंतर सत्ता त्याच्या हातात नव्हती, आणि पुढची बरीच वर्षं नंतरचा राज्यपाल निकोलास दे ओवांदो याच्या खात्यावर जातात. ताइनो समूळ नष्ट झाले हेही खरं नाही, पोर्तो रिकोत त्यांचे वंशज आहेत.

राहिला सण ‘बंद पाडल्याचा’ दावा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात आजही कोलंबस डे हेच नाव आहे, त्या दिवशी टपालखातं बंद असतं. बायडन यांनी २०२१ मध्ये मूळ रहिवाशांच्या दिवसाचं पत्रक काढलं, त्याच वेळी कोलंबस डेचंही काढलं. बदल झाला तो राज्यांत आणि शहरांत. कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचं नाव सगळे घेतात, तिथे १९९२ मध्ये झाला. पण त्याच्या आधी, १९९० मध्ये, साउथ डकोटा राज्याने हा दिवस ‘नेटिव्ह अमेरिकन डे’ केला. वुंडेड नी इथे अमेरिकी सैन्याने केलेल्या मूळ रहिवाशांच्या हत्याकांडाला तेव्हा शंभर वर्षं होत होती. गव्हर्नर होते जॉर्ज मिकलसन, पक्के रिपब्लिकन.

असा दिवस कोणाच्या नावाने पाळायचा, हा पेच तर आपल्याकडे लगेच कळायला हवा. १९९८ मध्ये वास्को द गामाच्या आगमनाला पाचशे वर्षं झाली, तेव्हा ती साजरी करण्याला गोव्यात आणि केरळात विरोध झाला. वास्को शहराचं नाव मात्र तसंच राहिलं. कॅरिबियन बेटांवर असेच निर्णय झाले आहेत. त्रिनिदादने १९८५ मध्ये ‘डिस्कव्हरी डे’ची सुट्टी काढून गुलामगिरीच्या मुक्तीचा दिवस आणला. आणि बहामाजमध्ये, ज्या बेटांवर कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ ला सर्वप्रथम उतरला तिथेच, ‘डिस्कव्हरी डे’ जाऊन आता ‘नॅशनल हीरोज डे’ पाळतात. तिथे कोणता अमेरिकन प्राध्यापक सांगायला गेला होता, हे मजकूर पाठवणाऱ्यांनीच सांगावं.