‘नल लिहिलं की झालं’ म्हणणाऱ्यांसाठी

सी भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्यांमध्ये एक मत वर्षानुवर्षं फिरतंय: व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्यायची राहिली, तर ती किरकोळ चूक. कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, इशारा देतोच. नाही दिला तर प्रोग्राम फार तर क्रॅश होतो. आणि दुरुस्ती एका ओळीची: नल, म्हणजे ‘काही नाही’ ही किंमत, लिहिलं की झालं. यातलं एकेक विधान सांबाच्या एका जुन्या बगवर घासून पाहू. सांबा म्हणजे लिनक्स सर्व्हरवरचे फोल्डर विंडोज मशीनना वापरू देणारं सॉफ्टवेअर. सुरक्षेतल्या त्रुटींच्या जाहीर यादीतला (सीव्हीई) बगचा नंबर सीव्हीई-२०१५-०२४०, जाहीर झाला फेब्रुवारी २०१५ मध्ये.

कंपायलर सांगतो? इथे नाही सांगितलं. नेटलॉगऑन ही नेटवर्कमधल्या कॉम्प्युटरची ओळख तपासणारी सेवा. तिच्या, मशीन अकाउंटचा (कॉम्प्युटरच्या स्वतःच्या खात्याचा) पासवर्ड बदलणाऱ्या फंक्शनमध्ये ‘क्रेड्स’ नावाचा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) कोरा जाहीर केला होता आणि त्याचा पत्ता तपासणीच्या दुसऱ्या फंक्शनला दिला होता. पत्ता बाहेर गेला की ते फंक्शन त्यात काहीतरी भरेल, असं कंपायलर धरून चालतो. पण तपासणी सुरुवातीलाच फसली तर ते काहीही न भरता परतत होतं. ३.५.० पासून ४.२.० च्या चौथ्या रिलीज कँडिडेटपर्यंतच्या (अंतिम आवृत्तीआधीच्या चाचणी आवृत्तीपर्यंतच्या) आवृत्त्यांत ही चूक होती, म्हणजे साधारण पाच वर्षं.

फार तर क्रॅश? तपासणी फसल्यावर मूळ फंक्शन तोच पॉइंटर टॅलॉकला, म्हणजे सांबाची मेमरी सांभाळणाऱ्या लायब्ररीला, मोकळा करायला देत होतं. त्यात तेव्हा असायचं स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) आधीच्या कामातून उरलेलं काहीही. आता टॅलॉक मेमरीच्या प्रत्येक तुकड्याच्या आधी एक हेडर (माहितीची नोंद) ठेवतो आणि त्या हेडरमध्ये डिस्ट्रक्टर फंक्शनचा पत्ता असू शकतो. मोकळं करताना तेच फंक्शन आधी चालवलं जातं. उरलेला कचरा हल्लेखोराला हवा तसा जमवता आला, तर कुठला कोड चालेल हेही त्याच्याच हातात. वर ही विनंती पाठवायला लॉगिन लागत नव्हतं आणि एसएमबीडी, म्हणजे सांबाचा सर्व्हर प्रोग्राम, चालतो रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकाराने. प्रत्यक्षात असा हल्ला साधणं सोपं नव्हतं, हे मान्य. पण ‘अवघड’ आणि ‘फार तर क्रॅश’ यांत बरंच अंतर आहे.

शिवाय क्रॅश न होताही नुकसान होतं. २०१७ च्या सीव्हीई-२०१७-१५२७५ मध्ये सांबा उत्तराचा बफर (उत्तर साठवायची मेमरी) वाढवताना नवा भाग पुसत नव्हता, त्यामुळे सर्व्हरच्या हीपमधला (गरजेनुसार घेतलेल्या मेमरीतला) जुना मजकूर क्लायंटकडे जाऊ शकत होता. सगळं सुरळीत चालू, लॉगमध्ये चकार शब्द नाही.

आता एका ओळीची दुरुस्ती. क्रेड्सला सुरुवातीला नल दिलं की मोकळं करण्याचा धोका गेला, कारण टॅलॉकचा मोकळं करणारा मॅक्रो (कोडचा तयार तुकडा) नल दिसलं की गप्प राहतो. पण त्याच्या आधी, त्याच चुकीच्या वाटेवर, लॉगची एक ओळ होती आणि ती क्रेड्समधूनच कॉम्प्युटरचं नाव वाचत होती. नल भरल्यावर ती थेट नलवर जाऊन आदळली असती. म्हणून तिथे आधी तपासा, नाव नसेल तर ‘अननोन’ लिहा, असा वेगळा बदल करावा लागला. शिवाय तपासणीच्या फंक्शनमध्येही बाहेर द्यायचा पॉइंटर आत शिरताच नल करण्याची तजवीज झाली, म्हणजे पुढे कुणी कोरा पॉइंटर घेऊन आलं तरी चालेल. माझ्या मते खरी दुरुस्ती ही शेवटची. बोलावणाऱ्याने काळजी घ्यावी हा भरवसा तर पाच वर्षं होताच.

याच मताचं एक शेपूट आहे: सेटिंग कडक ठेवली की अशा बगची झळ लागत नाही. ४.१ आणि पुढे नेहमीच्या वाटेवर नल आधीच, दुसऱ्याच एका बदलाच्या ओघात, भरलं जात होतं. तिथे बग गाठता यायचा तो फक्त ‘सर्व्हर एसचॅनेल = येस’ ठेवलेल्या सर्व्हरवर, म्हणजे सुरक्षित चॅनेलची सक्ती करणाऱ्या ॲडमिनकडे! अपडेट लगेच शक्य नसेल तर ४.० पासून कॉन्फिगमध्ये नेटलॉगऑन बंद करण्याचा उपाय होता. ३.६ आणि त्याआधीच्यांना तोही नव्हता. पॅच लावणं एवढंच.