पोट्टं टिकू द्यायचं नसेल तर

मॅनेजर साहेब, घाटंजी तालुक्यातल्या तुमच्या बँकेच्या शाखेत नवं पोट्टं ऑफिसर म्हणून रुजू झालं म्हणे. अभिनंदन! आता त्यानं वर्षाच्या आत बदलीचा अर्ज टाकावा असं वाटत असेल, तर प्रशिक्षणाइतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही.

मुहूर्त जूनचा धरा. मृग लागला, बियाण्यासाठी पीककर्जाची रांग पायरीखाली उतरली, की त्याच आठवड्यात त्याला पुण्याला धाडा. तिथं एसी हॉलमध्ये तो पाच दिवस 'ग्राहकाचा आनंद' या विषयावर स्लाइड पाहील. इकडे ग्राहक उन्हात उभा राहून आनंद घेईल. परत आल्यावर कोणी विचारलं, "काय शिकले बावा?" आणि तो म्हणाला, "जेवण मस्त होतं," तर प्रशिक्षण यशस्वी समजा. कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९५९ मध्ये प्रशिक्षण जोखायच्या चार पायऱ्या सांगितल्या: आवडलं का, समजलं का, कामात उतरलं का, आणि शेवटी फळ काय निघालं. तुम्ही पहिल्याच पायरीवर बसकण मारा. वर चढलं की गुडघे दुखतात.

बाकीचं ई-लर्निंगवर सोडा. संध्याकाळी सातला, कॅश जुळल्यावर, नेट येत-जात असताना त्यानं मॉड्यूल संपवायचे. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच आलेली असतात, त्याला फक्त 'नेक्स्ट' दाबायचं. केवायसीत शंभर टक्के! कापूस वेचून वेचून झिजलेला म्हातारीचा अंगठा मशीन घेत नाही तेव्हा तिला काय सांगायचं, ते मॉड्यूल अजून यायचं आहे. तोवर त्याला विमा विकायला शिकवा.

मात्र एका माणसापासून त्याला सांभाळा: तुमचा दप्तरी, म्हणजे फायली सांभाळणारा जुना शिपाई. हा बेणं टपरीवर अर्ध्या कप चहात सातबारा वाचायला शिकवतो. नमुना सातवर मालक कोण, बारावर पीक कोणतं, इतर हक्कात कोणत्या सोसायटीचा बोजा बसलाय, आजा जाऊन पंधरा वर्षं झाली तरी वारसाचा फेरफार काहून झाला नाही. पुढं गाडीवर मागं बसवून पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर नेतो, त्यांच्या कोलामी बोलीचे चार शब्द कानावर घालतो. (ना टीए, ना डीए, ना सर्टिफिकेट. असल्या प्रशिक्षणाची नोंद तरी कुठं करणार?) मग एखाद्याचं अडकलेलं कर्ज हे पोट्टं सोडवतं, आणि हिवाळ्यात तो माणूस गमच्यात तुरीच्या शेंगा बांधून काउंटरवर येतो. "साहेब, तुमच्यानं पेरणी साधली." झालं! पोट्टं बिघडलं. आता ते सुटीच्या दिवशीही फोन उचलणार.

यावर उपाय बाँड: जीव लागू द्यायचा नाही, नुसतं बांधून ठेवायचं; मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भर. मेयर आणि अ‍ॅलन या अभ्यासकांनी १९९१ मध्ये नोकरीतल्या बांधिलकीचे तीन प्रकार मांडले: जीव लागला म्हणून राहणं, सोडलं तर नुकसान म्हणून राहणं, आणि सोडणं बरं दिसत नाही म्हणून राहणं. पहिल्याला दप्तरी लागतो, तिसऱ्याला संस्कार. दुसऱ्याला स्टँपपेपर पुरतो. एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैध ठरवला, तेव्हा कायद्याचीही फिकीर नको. दावं पक्कं असलं की बैल चारा खातो का, ते कोण पाहतं?

आणि हो, दप्तरी येत्या ऑक्टोबरात रिटायर होतोय ना? शाल-श्रीफळ द्या, फोटो काढून ग्रुपवर टाका. त्याच्या खणात एक जुनी वही आहे. कोणत्या गावचा तलाठी कोणत्या वारी सापडतो, कोणत्या घरी वसुलीला दुपारी जायचं नाही, कोणाच्या पोरीचं लग्न निघालंय, सगळं तीत लिहिलेलं आहे. ती पोट्ट्याच्या हाती लागायच्या आत रद्दीत घाला.