पालखीला खांदा देण्याआधी

यंदा सुट्टी जुळवून शिमग्याला गावी गेलो. शास्त्री नदी जयगडपाशी समुद्राला मिळते, त्या खाडीकाठचं आमचं गाव. चाकरमानी सगळे हजर. ढोल वाजला, पालखी सहाणेवरून, म्हणजे ती ठेवतात त्या चौथऱ्यावरून, उठली आणि पोरांनी नाचवायला घेतली. पाच मिनिटं झाली नसतील तोच "खांदा बदला, खांदा बदला" सुरू. सगळे तिशीच्या आसपासचे.

त्यातला एक, मुंबईहून रात्रभराचा प्रवास करून आलेला, वय चौतीस, मधेच बाहेर येऊन गडग्यावर बसला. चेहरा पांढराफटक, सदरा घामाने चिंब. कुणी वारा घातला, कुणी कांदा हुंगवला. "गॅस झालाय, कोकम सरबत द्या त्याला," असा एकाचा सल्ला, तर दुसऱ्याने गुरवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. वीसेक मिनिटांनी त्याला बरं वाटलं आणि तो परत पालखीखाली शिरला. मला भीती वाटली ती या परत शिरण्याची.

रात्री वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा पेटली. नट पुनीत राजकुमार गेला, सिद्धार्थ शुक्ला गेला, तरणीताठी माणसं अशी अचानक जातात, हे सगळं कोविडच्या लशीमुळे. नाही, जिममुळे. नाही, हायब्रीड धान्यामुळे. आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, अभ्यास कुणीतरी टाकला, पण वाचला कुणीच नसावा. तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. देशभरातल्या ४७ रुग्णालयांतून, १८ ते ४५ वयाच्या, अचानक दगावलेल्या माणसांची माहिती त्यांनी घेतली. लशीने धोका वाढल्याचं दिसलं नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो उलट कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो कोविडने रुग्णालयात राहून आलेल्यांत, घरात आधी कुणी असंच अचानक गेलेलं असलेल्यांत, आणि मृत्यूआधीच्या ४८ तासांत भरपूर दारू प्यायलेल्यांत किंवा अंगाबाहेरचे श्रम केलेल्यांत.

जिमवर राग असलेले यातलं शेवटचं तेवढं उचलतात. आता आमचा शिमगा डोळ्यांसमोर आणा. वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस, गाडीतली जागरणाची रात्र, उतरल्या उतरल्या मित्रांबरोबर 'बसणं' आणि दुसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात खांद्यावर पालखी. त्या यादीतल्या दोन गोष्टी आम्ही एकाच दिवशी, भक्तिभावाने, एकत्र आणतो. त्यावर ग्रुपवर चकार शब्द नाही. (मी लिहिलं, तर एका चुलत्यांनी हात जोडल्याची खूण पाठवली. तिचा अर्थ "गप बस" असा असतो.)

मी अकरा वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला आहे. हे शहर वाटीसारखं, चहूबाजूंनी टेकड्या. पूर्वी उतारांवर द्राक्षमळे होते, त्यांत जायला दगडी पायऱ्या केल्या. मळे बरेचसे गेले, पायऱ्या राहिल्या, चारशेच्या वर. इथले लोक त्यांना 'श्टेफेले' म्हणतात. मी मनात, आमच्या गावच्या पायऱ्यांच्या वाटेसारखं, पाखाडीच म्हणतो. पहिल्या वर्षी घर घेतलं ते अशाच एका पाखाडीच्या डोक्यावर, भाडं कमी म्हणून. पहिल्या दिवशी मी तीनदा थांबलो, आणि पिशवीत कोबी घेऊन एक सत्तरीची आजी मला मागे टाकून गेली. लाज वाटली. मी खाडीकाठचा, जांभ्याच्या पायऱ्यांवर वाढलेला!

पण वाढलो त्याला वीस वर्षं झाली होती. अमेरिकेत डॅलसला १९६६ साली वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं की तीस वर्षांच्या वयापेक्षा त्या तीन आठवड्यांनी त्यांच्या दमाचं जास्त नुकसान केलं होतं. न हलणाऱ्या शरीरात हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं, मग तेवढ्याच चढाला जास्त ठोके लागतात. बातमी पुढेही आहे. पन्नाशीत सहा महिने हळूहळू सराव केल्यावर ते पाचहीजण मूळच्या पातळीला परत आले.

गावातली पाखाडी मात्र आता शेवाळलेली आहे. प्रत्येक वाडीत डांबरी रस्ता गेला, दुकानात जायलाही बाइक. हे वाईट झालं असं म्हणायची माझी टाप नाही. माझी आजी डोक्यावर दोन हंडे घेऊन ती चढायची आणि तिच्या गुडघ्यांचं काय झालं ते मी पाहिलंय. तो काही व्यायाम नव्हता, नळ नव्हता म्हणून केलेली वणवण होती. फक्त तिच्या जागी दुसरं काहीच आलं नाही.

जर्मनीत दम ही चारचौघांत मोजायची गोष्ट आहे. शंभरहून अधिक वर्षं इथे एक क्रीडाबिल्ला मिळतो: दमश्वास, ताकद, वेग आणि तोल, वयानुसार ठरलेल्या कसोट्या. माझ्या ऑफिसातली माणसं तो दरवर्षी, आपल्याकडे गाडीची पीयूसी करतात तसा, करून येतात. सरकारी विम्यातून १८ ते ३४ वयात एकदा तपासणी फुकट होते. माझ्या तपासणीत डॉक्टरबाईंनी आधी काकांबद्दल विचारलं. काकांची अँजिओप्लास्टी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कोल्हापूरला झालीय. मग त्यांनी टेप काढून कंबर मोजली. आपल्या लोकांत पुरुषांनी ९० आणि बायकांनी ८० सेंटिमीटर ओलांडले की सावध व्हायचं.

म्हणून इथे सगळं सोन्याचं आहे असं नाही. सिगारेटी रस्तोरस्ती. आरोग्यावर एवढा पैसा ओतूनही आयुर्मान शेजारच्या बऱ्याच देशांपेक्षा कमी. २०२४ मध्ये हृदयासाठी खास कायदा येत होता, तर विमावाले आणि काही डॉक्टर ओरडले की चालण्या-पळण्याच्या वर्गांचे पैसे गोळ्यांकडे वळवताय. सरकार पडलं आणि कायदाही राहून गेला. भांडतात तेही, पण निदान जिवंत माणसाचं काय करायचं यावर.

आणि एक. इथे गाडीचा परवाना काढायचा तर आधी प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग करावाच लागतो. रबरी धडावर मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा छाती दाबून माझे हात भरून आले होते. त्या दिवशी सहाणेभोवती शंभरेक माणसं होती. तो गडग्यावर खरंच कोसळला असता, तर १०८ ची गाडी घाट उतरून येईपर्यंत छाती दाबणारे किती निघाले असते, हे मी ग्रुपवर विचारलंय.

उत्तर एकच आलंय, पुतण्याचं. तो सव्वीसचा आहे, रत्नागिरीत नोकरी करतो. माघ लागला की रोज संध्याकाळी पाखाडी चढायची म्हणतोय, पण आधी ती साफ करावी लागेल, आणि त्यासाठी कोयता कुणाकडे आहे, असं त्याने विचारलंय.