शिक्षणखातं मिळालंय? मग हे वाचून घ्याच

सगळ्यात आधी अभिनंदन. लोक म्हणतील खातं कोरडं आहे, यात ना टेंडर ना टोलनाका, काय हाताला लागणार. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा, त्यांना जगाची खबर नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत जगभरातल्या सरकारांनी जेवढं डोकं या खात्यात चालवलंय तेवढं क्वचितच कुठे चालवलं असेल. तुम्हाला नवीन काही शोधायचं नाहीये, सगळं तयार आहे, फक्त क्रम चुकवू नका. साधायचं एवढंच की पैसा जनतेचा, नफा तिसऱ्याचा, आणि पोरगं मागं पडलं तर चूक त्याच्या आईबापांची.

सुरुवात सरकारी शाळेपासून करायची, पण ती बंद करायची चूक करू नका. बंद केली की मोर्चे निघतात, फोटो छापून येतात, शाळेसमोर रडणारी मुलं दिसतात. नुसतं काही करायचं नाही. मास्तर रिटायर झाला की जागा भरायची नाही, भरलीच तर कंत्राटी, आणि जे उरलेत त्यांना इतके सर्व्हे, याद्या आणि ऑनलाइन माहिती भरायची कामं लावायची की शिकवणं हा त्यांचा छंद उरला पाहिजे. विहिरीतला गाळ वर्षानुवर्षं काढायचा नाही आणि मग पाणी गढूळ येतं म्हणून टँकर लावायचा, हे तंत्र तुम्हाला नवीन नसणारच. तीनचार वर्षांत पालक आपणहून पोरं काढून घेतात, मग तुम्ही पटसंख्येचा तक्ता दाखवायचा आणि म्हणायचं, बघा, लोकांनाच नकोय.

कुणी पैशाचं विचारलं तर वचन द्या. वचनाला पैसे पडत नाहीत. भारतात कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा, 1968 च्या धोरणाने ते मान्य केलं, 1986 च्या धोरणात ते परत आलं आणि 2020 च्या धोरणातही आहे. पन्नासाहून जास्त वर्षं झाली, आकडा तोच, उत्साह तोच, गाठायचं तेवढं राहिलंय. एवढं टिकाऊ वचन दुसऱ्या खात्यात शोधून दाखवा.

आता मुख्य काम, म्हणजे पालकांना निवडीचं स्वातंत्र्य. ही कल्पना मिल्टन फ्रीडमन या अर्थतज्ज्ञाने 1955 मध्येच मांडून ठेवलीय: सरकारने शाळा चालवू नयेत, पालकांच्या हातात व्हाउचर, म्हणजे शाळेत फीऐवजी चालणारं सरकारी कूपन, द्यावं, पालक हव्या त्या शाळेत जातील आणि स्पर्धेने सगळ्या शाळा सुधारतील. ऐकायला इतकं छान की विरोध करणारा माणूस स्वातंत्र्याच्याच विरोधात वाटतो, तिथेच अर्धी लढाई जिंकली. अर्थात ही स्वातंत्र्याची योजना देशभर पहिल्यांदा राबवायला हुकूमशहा लागला हा भाग भाषणात घेऊ नका. चिलीमध्ये पिनोशेच्या राजवटीत 1981 पासून हे सुरू झालं, सरकारी शाळा नगरपालिकांच्या गळ्यात टाकल्या आणि सरकारी पैसा मुलाच्या मागोमाग खाजगी शाळेत जायला लागला. काही दशकांत निम्म्याहून जास्त मुलं अनुदान घेणाऱ्या खाजगी शाळांत गेली. 1993 नंतर या शाळांना अनुदान घेऊन वर पालकांकडूनही फी घ्यायची मोकळीक मिळाली, मग ज्याची जेवढी ऐपत तेवढ्या ऐपतीची शाळा. आणि गंमत म्हणजे निवडायचा हक्क पालकांना दिला होता, निवड मात्र शाळा करत होत्या. प्रवेशाला चाचणी, मुलाखत, पालकांचं शिक्षण काय, उत्पन्न काय. नको असलेलं मूल मग कुठे जातं? त्याच विहिरीवर, जिचा गाळ तुम्ही काढला नाही. आणि ते शिकलं नाही तर तुम्ही काय करणार, त्याच्या आईबापांना निवडीचं स्वातंत्र्य दिलं होतं की!

पण हुकूमशहा नसला तरी अडत नाही हे स्वीडनने दाखवलंय, म्हणून लोकशाहीवाल्या देशात स्वीडनचं उदाहरण द्या, लोक मान डोलावतात. तिथे 1992 मध्ये व्हाउचर आलं, आणि काही वर्षांत खाजगी शाळांना पूर्ण सरकारी पैसा, पालकांकडून फी नाही, आणि तरी मालकाने नफा काढून न्यायला हरकत नाही. फी न घेता नफा कसा काढायचा? खर्च कमी करून. मास्तर कमी, लायब्ररी नाही, मैदान नाही, आणि मार्क जरा सढळ हाताने, कारण मार्क वाटायला खर्च येत नाही आणि पालक खूश होतात. प्रवेश रांगेने, म्हणजे जो आधी नाव घालेल त्याला आधी, आणि नाव मूल जन्मल्यापासून घालता येतं. कुणावर अन्याय नाही, फक्त जे पालक नंतर देशात आले, किंवा ज्यांना हे माहीतच नव्हतं, ते रांगेच्या शेवटी. चूक कुणाची ते आता तुम्हीच सांगा. पुढे 2013 मध्ये जेबी एज्युकेशन नावाची तिथली एक मोठी शाळा कंपनी, जिची मालकी एका खाजगी गुंतवणूक फंडाकडे होती, दिवाळ्यात निघाली आणि हजारो मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. घाबरू नका, बाजारात दुकानं बंद होतातच, मुलांची वर्षं ही त्यातली किरकोळ घट समजायची.

आता स्पर्धा म्हटली की स्कोअरबोर्ड पाहिजे. परीक्षा घ्या, निकाल छापा, शाळांची क्रमवारी लावा, मास्तरांची नोकरी आणि बोनस त्याला बांधा. अमेरिकेने 2002 च्या कायद्यात लिहूनच टाकलं की 2014 पर्यंत सगळीच्या सगळी मुलं वाचन आणि गणितात प्रवीण होतील. शंभर टक्के! शिस्त अशी पाहिजे. अटलांटा शहरात निकाल इतके भराभर सुधारले की तिथल्या शिक्षणप्रमुखांना 2009 मध्ये राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, मग 2011 च्या चौकशीत निघालं की 44 शाळांतल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांचा उत्तरपत्रिका दुरुस्त करण्यात वगैरे हात होता, आणि 2015 मध्ये 11 जण संघटित गुन्हेगारीसाठी केलेल्या कायद्याखाली दोषी ठरले. माफियांसाठीचा कायदा आणि आरोपीच्या पिंजऱ्यात मास्तर. यात तुमच्या कामाचं काय, तर कायद्यात शंभर टक्क्यांचं टार्गेट लिहिणाऱ्यांपैकी कुणी त्या पिंजऱ्यात नव्हतं.

जागतिक स्कोअरबोर्डही आहे, ओईसीडीची पिसा परीक्षा, 2000 पासून सुरू. ओईसीडी ही आर्थिक सहकार्याची संघटना आहे, शिक्षणाची नाही, पण तिचा तक्ता आला की भल्याभल्या देशांच्या शिक्षणमंत्र्यांना घाम फुटतो. स्वीडनलाच 2012 च्या फेरीत फुटला, 2000 पासून त्यांच्याइतकी घसरण कुणाचीच नव्हती. तुमचा नंबर वर आला तर श्रेय घ्या, मधे आला तर सल्लागार नेमा. तळाला आला तर भारताचा मार्ग आहेच, तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेशने 2009 च्या फेरीत भाग घेतला, दोघं यादीच्या तळाशी आले, आणि मग पुढच्या कित्येक फेऱ्या आपण गेलोच नाही. परीक्षेलाच बसलं नाही तर नापास कोण करणार, हे आपल्या पोरांना जमत नाही पण देशाला जमलं.

कॉलेजांकडे वळू. इथे फी लावायची पण एकदम नाही, हे इंग्लंडकडून शिका. 1998 मध्ये वर्षाला 1000 पाउंड, मग 2006 मध्ये 3000 पर्यंत, मग 2012 मध्ये 9000 पर्यंत. शेवटच्या वेळी सांगितलं होतं की 9000 फक्त अपवादात्मक परिस्थितीत, विद्यापीठं आपसात स्पर्धा करतील आणि फी खाली राहील. काही वर्षांत बहुतेक सगळे 9000 वरच आले. कोण स्वतःहून सांगेल की आमचा माल स्वस्तातला आहे म्हणून? मुलांनी कर्ज काढायचं आणि पुढची तीस-चाळीस वर्षं पगारातून कापून द्यायचं. याचा एक वेगळा फायदा आहे जो कुणी उघड बोलत नाही, डोक्यावर कर्ज असलेला पदवीधर फार प्रश्न विचारत नाही.

दुकान बुडालं तर काय असं विचाराल, तर त्याचीही सोय आहे, बिल सरकारकडे पाठवायचं. अमेरिकेत कोरिंथियन नावाची नफेखोर कॉलेजांची साखळी सरकारी कर्जाच्या पैशावर चालली, नोकऱ्यांचे खोटे आकडे दाखवून मुलं भरली, 2015 मध्ये दिवाळं काढलं आणि 2022 मध्ये सरकारने 5 लाख 60 हजार लोकांचं मिळून 5.8 अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. वाईट झालं असं वाटेल, पण तुम्ही तोवर दुसऱ्या खात्यात असाल.

आता कुणीतरी म्हणेल की निदान परत फिरायची वाट ठेवा. नका ठेवू, त्यासाठी जागतिक करार असतात. जागतिक व्यापार संघटनेचा गॅट्स, म्हणजे सेवांच्या व्यापाराचा करार, 1995 पासून आहे आणि त्यात शिक्षण ही बँकिंग, पर्यटनासारखीच एक सेवा आहे. सरकारी सेवांना त्यातून सूट आहे, पण कुठल्या सेवांना, तर ज्या व्यापारी तत्त्वावर चालत नाहीत आणि ज्यांना स्पर्धा नाही. म्हणजे आधी तुम्ही फी लावा, स्पर्धक आणा, मग सूट लागू आहे का यावर वकील वाद घालत बसतील. हे फार सुबक आहे, मला तर यातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

गरीब देशांसाठी वेगळं पॅकेज आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात कर्जाच्या अटींपायी आफ्रिकेतल्या अनेक देशांत खर्च कापले आणि प्राथमिक शाळेलाही फी पडायला लागली, तेव्हा म्हणायचे गरिबांना शिक्षणाची किंमत कळत नाही. केनियाने 2003 मध्ये फी काढली तर एका झटक्यात 10 लाखांहून जास्त मुलं शाळेत आली, म्हणजे किंमत त्यांना चांगलीच कळत होती, परवडत नव्हती. लायबेरियाने 2016 मध्ये काही सरकारी शाळाच बाहेरच्या संस्थांना चालवायला दिल्या. मार्क वाढले, हे खरंय आणि ते नीट सांगा. फक्त त्यातल्या एका कंपनीने वर्गातली मुलं मर्यादित ठेवायची म्हणून जादा मुलं बाहेर काढली, नको असलेले मास्तर दुसऱ्या सरकारी शाळांकडे ढकलले, खर्च नेहमीपेक्षा बराच जास्त आला, आणि मास्तर टॅब्लेटवर आलेला धडा शब्दशः वाचून दाखवत होते. हे तेवढं तळटीपेत टाका.

कायदा आडवा आला तर? महाराष्ट्राने प्रयत्न केला होता. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात खाजगी शाळांनी 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आहेत, तर फेब्रुवारी 2024 मध्ये नियम बदलून सांगितलं की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला त्यातून सूट. निवडीचं स्वातंत्र्य ज्याच्या खिशात पैसे त्याला, बाकीच्यांना एक किलोमीटर. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये ते रद्द केलं. तेव्हा असलं काही नियम बदलून लेखी करू नका, दुसऱ्या परिच्छेदातलं 'काही करायचं नाही' हेच बरं, त्याला स्टे मिळत नाही.

एकच धोका सांगून ठेवतो, तोही चिलीतलाच. जिथे हे सगळं सगळ्यात नीट राबवलं होतं तिथेच 2006 मध्ये शाळकरी पोरं रस्त्यावर उतरली, गणवेशावरून त्यांना पेंग्विन म्हणायचे, लोक हसले. 2011 मध्ये कॉलेजची पोरं उतरली, डोक्यावर बँकेचं कर्ज घेऊन, तेव्हा हसणं थांबलं. 2015 मध्ये कायदा आला की सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांनी नफा काढायचा नाही, वरची फी हळूहळू बंद करायची आणि मुलं पारखून घ्यायची नाहीत. आणि 2011 च्या त्या आंदोलनातून पुढे आलेला गाब्रिएल बोरिच 2022 मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष होऊन बसला. तेव्हा कोडिंग, उद्योजकता, कम्युनिकेशन स्किल्स सगळं आणा, हवं तेवढं आणा, पण नागरिकशास्त्राचे तास आधी कमी करून टाका, तसाही त्याला मार्केटमध्ये उठाव नाही.